धाकटीच्या बॅटऱ्या

आमच्या आणि धाकटीच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि तीही नावापुरती. पलीकडे कुणी शिंकलं की अलीकडे आम्ही खिडकी लावून घ्यायचो. तेव्हा ते भांडण मी कान लावून ऐकलं असं कुणी म्हणू नये. मी भाजी निवडत बसले होते, भांडण आपल्या पायांनी माझ्याकडे आलं.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. तिचा नवरा म्हणजे माझे दीर. मी त्यांना भावजी म्हणते, बाकी सगळे दारवाले म्हणतात, कारण ते दारं बसवतात. सुतार पुष्कळ असतात, कपाटं करतात, पलंग करतात. भावजींचं काम एकच, चौकटीत दार बसवायचं, आणि असं बसवायचं की एका बोटानं ढकललं तर आवाज न करता जाऊन जागच्या जागी टेकलं पाहिजे. काम झालं की दारावरून एकदा हात फिरवून जिना उतरायचे, जसं काही लेकीला सासरी पोचवून निघालेत.

भांडणाला कारण झाली एक बॅटरी. सोळा वर्षं झाली त्याला. भावजींनी तेव्हा बिनवायरीचं ड्रिल घेतलं होतं. त्याआधी वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून जिने चढायचे आणि ज्याच्या घरी काम त्याच्याकडे आधी प्लग मागायचा. हे मशीन आलं आणि ते सगळं सुटलं. पण दीड वर्षात त्याची बॅटरी बंद पडली. चार्जरवर लावली की लाल दिवा नुसता डोळे मिचकावायचा. भावजींनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, धाकटीनं ती उचलून टेबलावर ठेवली, आणि तिथून जुंपली.

"कचऱ्यातली वस्तू वर कशाला काढलीस?" भावजी म्हणाले.

"उघडून बघते."

"काय बघणार? मेलीय ती."

"सगळी मेली कशावरून? आत पाच सेल असतात. गेला असेल त्यातला एखादा. बाकी चौघांना जिवंत कशाला पुरता?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

मी देठ मोडायची थांबले. मग धाकटी बोलली, आवाज न चढवता, आणि ती आवाज चढवायची नाही तेव्हाच भीती वाटायची. म्हणाली, "लग्नाआधी सहा वर्षं मी रेडिओच्या कारखान्यात तारांना कथलाचा डाग द्यायच्या बाकावर बसत होते. दिवसाला दोनशे डाग. तुम्ही म्हणालात घरी बस, बसले. हात घेऊन बसले, हातातलं विसरून नाही बसले."

कर काय करायचं ते, भावजी म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले. मीही उरलेली भाजी निवडायला घेतली. तीस वर्षं शेजारी राहून मला ती कारखान्यात होती हे ठाऊकच नव्हतं. मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी डाळ-तांदळाच्या पलीकडे कधी गेलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी आपली सहज, म्हणजे मुद्दाम, तिच्याकडे डोकावले. तिनं बॅटरीचं कवच चार स्क्रू काढून उघडलं होतं. आत खरंच पाच सेल होते, अंगठ्याहून जरा मोठे, आणि पत्र्याच्या पातळ पट्टीनं एकमेकांना जोडलेले. हातातली अंगठी तिनं काढून खिळ्याला अडकवली होती. का गं, विचारलं, तर म्हणाली, "धातू आहे ताई. दोन टोकांना एकदम टेकली तर बोट भाजेल." मीटरच्या दोन सुया ती एकेका सेलला लावून बघत होती, डॉक्टर छाती तपासतो तशी. चौथ्याशी थांबली. "हा गेला. बाकीचे ठणठणीत."

तिनं बाजारातून एक नवा सेल आणला, मेलेल्याच्या जागी जोडला, कवच बंद केलं. चार्जरवर लावली. लाल दिवा आधी लागला, मग कुरकुर न करता हिरवा झाला. भावजींनी बॅटरी मशीनला लावून भिंतीकडे धरून फिरवून बघितली, हं म्हणाले आणि कामाच्या पिशवीत टाकली. त्या आठवड्यात धाकटीनं स्वयंपाक करताना गुणगुणलेलं मी भिंतीतून ऐकलंय.

नवव्या दिवशी ती बॅटरी ऐन कामात बसली. भावजी कुणाच्या तरी घरचं पुढचं दार बसवत होते. सागवानी, चांगलं जड. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू गेले आणि मशीन गप्प. दुसरी बॅटरी होती ती सकाळीच वापरून संपलेली. घराचे मालक आणि त्यांच्या सासूबाई, दोघं ते दार खालून खांद्यावर तोलून उभे राहिले आणि भावजी हाताच्या स्क्रूड्रायव्हरनं एकेक स्क्रू पिळत बसले. चाळीस मिनिटं. सासूबाई शेवटी म्हणाल्या म्हणे, की जावयानं एवढा वेळ कधी माझ्या शेजारी उभं राहून काढला नव्हता. त्यांचं हसणं झालं. भावजींचं नाक कापलं गेलं.

घरी आल्यावर त्यांनी बॅटरी धाकटीच्या टेबलावर ठेवली. आदळली नाही, नुसती ठेवली. "चौघांना वाचवायला गेलीस," म्हणाले, "आणि मला मारलंस." त्या दिवसापासून तिनं हात लावलेली बॅटरी त्यांनी कामावर नेली नाही. बॅटरी गेली की दुकानातून नवी आणायची. जुनी पलंगाखालच्या खोक्यात टाकायची. तिच्याकडे द्यायची नाही, तिनं घेतली तर विचारायचं नाही. असा तह.

मला वाटलं झालं, संपलं खूळ. तिच्या जागी मी असते तर मीटर उचलून माळ्यावर टाकला असता. पण धाकटी त्या बसलेल्या बॅटरीपुढे चार दिवस बसली, आणि पाचव्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, कळलं माझं काय चुकलं." मी कोण कळणारी, पण तिनं मला समजेल असं सांगितलं. पाच जण एका पंगतीला बसलेत. चौघं उपाशी, पाचवा घरून अर्धा जेवून आलेला. वाढपी पंगतीभर सारखंच वाढतोय. पाचव्याचं पोट आधी भरलं, त्यानं पुरे म्हटलं, आणि वाढप्यानं भांडंच उचललं. चौघं अर्धपोटी उठले. पुढच्या पंगतीला तेच, त्याच्या पुढच्या पंगतीला तेच. नवव्या दिवशी चौघांच्या अंगात उभं राहायचंही त्राण नाही. "मी नवा आणि जुने एकत्र घातले. पाचही जण एका वयाचे, एका भुकेचे हवेत. एक जरी वेगळा असला तरी पाचही वाया."

तिथून तिची पद्धत ठरली, आणि ती तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. पलंगाखालच्या खोक्यातल्या बॅटऱ्या तिनं एकेक करून उघडल्या. मेलेले सेल बाजूला. जे जिवंत, ते सुटे करून पूर्ण भरायचे आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये उभे करून ठेवायचे. प्रत्येकाच्या अंगावर तारीख आणि मीटरचा आकडा. मग तीन आठवडे त्यांना हात लावायचा नाही. तीन आठवड्यांनी परत मीटर लावायचा. जो नुसता उभा राहून उतरला, तो आतून गळका. तो बाद. जे सारखे राहिले त्यांतले पाच निवडून एक बॅटरी. डाग देणंही तिनं सोडलं. सेलला थेट डाग दिला की तो तापून आतून खराब होतो, हे तिला उशिरा कळलं. खाली पंखे दुरुस्त करणाऱ्या पंखेवाल्यानं तिला एका मोडक्या ओव्हनच्या आतल्या सामानातून पट्टी चिकटवायचं यंत्र करून दिलं. टच्च असा आवाज करायचं आणि आमच्याकडचा दिवा क्षणभर मंद व्हायचा. आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणायचे, झाला एकाचा लग्नसोहळा.

हळूहळू माणसं यायला लागली. आधी पंखेवाला स्वतःचं मशीन घेऊन. मग त्याचा मेव्हणा, तो पाट्या लावायचा. मग प्लंबर. हा प्लंबर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. त्याचं आणि भावजींचं ड्रिल एकाच वर्षी एकाच दुकानातून घेतलेलं, बॅटरी एकमेकांना चालायची. माणसं यायची तेव्हा घाईत असायची. ज्याची बॅटरी बसते त्याचं काम उद्याच असतं. धाकटी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, तीन आठवडे लागतील. एक जण म्हणाला, काकू, तीन आठवड्यांत माणूस बरा होऊन घरी येतो. ती म्हणाली, "येतो आणि परत जातो. माझ्याकडून गेलेली परत येत नाही." आणि बॅटरी करण्याजोगी नसेल तर तसं तोंडावर सांगायची. फुगलेली, पाण्यात पडलेली, कवचाला तडा गेलेली बॅटरी ती उघडायचीच नाही. बाहेरच्या बाल्कनीत वाळूची बादली होती, तिच्यात जायची ती. कितीही गयावया करा. तयार झालेल्या बॅटरीच्या बुडाला ती नेलपॉलिशचे पाच ठिपके द्यायची. नखाला तिनं ते कधी लावलं नाही.

तर असा सगळा देखावा. आख्ख्या वस्तीतल्या गड्यांची मशीनं धाकटीच्या बॅटऱ्यांवर फिरताहेत, आणि तिच्याच घरातला गडी दुकानातून नवीन विकत आणतोय. त्याहून गंमत म्हणजे, पाटीवाल्याच्या मशीनमधले सेल भावजींच्याच टाकून दिलेल्या बॅटरीतले. मी एकदा धाकटीला म्हटलं, सोड गं, लोकं तुझं नाव घेतात, तेवढं पुरे नाही का. ती ट्रेमधले सेल पुसत होती. म्हणाली, "लोकांचं काय, त्यांना स्वस्त पडतं. ताई, त्यांनी माझ्या हातून एक बॅटरी घ्यावी आणि कामावर न्यावी. एवढंच." पुन्हा हा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

बारा वर्षं गेली अशी. बारा म्हणजे काही थोडी नाहीत. आमचे हे गेले, माझे गुडघे गेले, पंखेवाल्याला जावई आला. भावजी मात्र ऐकायचे नाहीत. कुणी धाकटीचं कौतुक केलं की छताकडे बघायचे, जणू तिथे कुठे गळतंय.

मग झालं असं, की भावजींची शेवटची बॅटरी गेली आणि ते दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला या खाचेची बॅटरी आता येत नाही. कंपनीनं बंद केली. नवीन मशीन घ्या, त्याच्याबरोबर दोन बॅटऱ्या आहेत. भावजींनी नवीन मशीन हातात घेऊन बघितलं म्हणे, दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. जुन्याची मूठ चौदा वर्षांत त्यांच्या पंज्याच्या आकाराची झाली होती, आणि खांदा आधीच कुरकुरत होता. नव्या मशीनचा तोल पुढे जायचा. वयाच्या सत्तरीत माणूस नवीन चप्पलही घेत नाही, मशीन कुठून घेणार. येताना त्यांनी फुटपाथवरून एक नकली बॅटरी आणली. दिसायला सख्खी बहीण. आठ दिवसांत ती चार्जरवर असताना पोट फुगवून बसली आणि घरभर गोडूस वास सुटला. धाकटीनं चार्जर भिंतीतून उपटला, चिमट्यानं बॅटरी उचलून वाळूत पुरली आणि हात धुऊन भाकरी थापायला बसली. एक शब्द बोलली नाही. मला विचाराल तर तेव्हा बोलायचा तिचा हक्क होता. मी बोलले असते आणि वर्षभर बोलले असते.

दोन दिवस भावजी घरी बसले. तिसऱ्या दिवशी मशीन पिशवीत घालून निघाले. कुठे, कसे, काही कळेना. संध्याकाळी आले ते काम करून आल्यासारखे, अंगावर भुसा घेऊन.

उलगडा केला प्लंबरनं. भावजी घरी नाहीत असं बघून तो वर आला आणि हळूच म्हणाला, "काकू, एक घोळ झालाय. दारवाले काका माझ्याकडून रोज बॅटरी मागून नेतात. तुम्ही केलेली. छान चालतेय म्हणतात, कुठून करून घेतलीस विचारतात. मी सांगितलं स्टेशनपलीकडे एक म्हातारा आहे, तो करतो. आता काय करू?"

धाकटीनं त्याला बसायला सांगितलं, चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत पाठमोरीच होती. मग म्हणाली, "म्हातारा आहे तर असू दे. त्याला मारू नकोस."

आणि तिनं प्लंबरला तिसरी बॅटरी करून दिली. त्याला दोन पुरत होत्या. तिसरीतले सेल तिनं तीन नव्हे, सहा आठवडे ट्रेमध्ये ठेवले होते. मी बघत होते, ज्या ट्रेकडे ती सारखी जायची तो तिसरीचा.

पुढे दोन वर्षं त्या म्हाताऱ्याचा संसार चालला. भावजी प्लंबरला म्हणायचे, त्या म्हाताऱ्याला सांग, काम चोख आहे. प्लंबर वर येऊन धाकटीला सांगायचा. भावजी म्हणायचे, त्याला म्हणावं जरा खाचेत घट्ट बसते, काढताना अंगठा दुखतो. दोन दिवसांनी बॅटरीची कड कानशीनं घासून परत जायची. धाकटी निरोप द्यायची, काकांना सांग पूर्ण रिकामी होईपर्यंत पिळू नका, आवाज बारीक झाला की थांबा, आणि उन्हात खिडकीत ठेवू नका. आणि भावजी म्हाताऱ्याचं ऐकायचे. जन्मभर बायकोनं उन्हात छत्री घ्या म्हटलं तर घेतली नाही, आणि म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून बॅटरी सावलीत ठेवायचे. प्लंबर बिचारा नवरा-बायकोच्या मधला पोस्टमन झाला होता. एकाच टेबलावर जेवणारी दोन माणसं, मधे फक्त भांडं आणि म्हातारा.

मला वाटायचं भावजींना कळत नाही. धाकटीलाही तेच वाटायचं. म्हाताऱ्याला ते इतका मान द्यायचे की खरं सांगायला प्लंबरला जिवावर यायचं. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघून आपापसात हसायचो, म्हणजे मी आणि प्लंबर हसायचो. धाकटी पट्ट्या कापत असायची.

मग प्लंबरचा गुडघा कामातून गेला. त्यानं धंदा आवरला आणि मशीन, पाने, बॅटऱ्या, सगळं एकगठ्ठा विकून लेकीकडे राहायला गेला. तिसरी बॅटरी कुणाची हे तो विसरला की मुद्दाम विसरला, त्याचं त्याला माहीत. भावजी पुन्हा बिनबॅटरीचे. आणि त्याच वेळी त्यांच्याकडे मोठं काम आलेलं, नव्या इमारतीची बावीस दारं. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, वहिनी, हे झालं की बास, आता इतकं मोठं काम पुन्हा कुणी मला देणार नाही.

रविवार होता. भिंत तशीच होती, मीही तशीच. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटीचं यंत्र टच्च करून थांबलं. भावजी तिच्या टेबलापाशी उभे असावेत.

"प्लंबर गेला," ते म्हणाले.

"हो."

"आता म्हाताऱ्याकडे कोण जाणार?"

कात्रीनं पट्टी कापल्याचा आवाज आला.

"तूच दे एक," भावजी म्हणाले. "ठिपकेवाली. मी पहिल्या दिवशीच उलटी करून बघितली होती. ते नेलपॉलिश मीच आणलेलं आहे, पुतणीच्या लग्नाला. तू लावलं नाहीस म्हणून मी तेव्हा रुसलो होतो."

मी इकडे पदर तोंडात धरला. वाटलं, आता ती रडेल, नाहीतर ते काहीतरी बोलतील आणि सगळं मुसळ केरात. बारा अधिक दोन वर्षं ज्यासाठी थांबली ते समोर येऊन उभं आहे. ट्रेमध्ये दुसऱ्यांसाठी निवडून ठेवलेले सेल होते. त्यांतलेच पाच उचलून संध्याकाळपर्यंत देता आली असती तिला. मी असते तर दिली असती, धावत जाऊन दिली असती.

धाकटी म्हणाली, "तीन आठवडे लागतील."

"माहीत आहे," भावजी म्हणाले. "सगळ्यांनाच लागतात."

झालं. खुर्ची परत सरकली. यंत्रानं टच्च केलं, माझ्याकडचा दिवा मंद झाला.

ते तीन आठवडे भावजी घरी होते. बावीस दारांचा कंत्राटदार रोज फोन करायचा. एकदा तर घरीच आला, मी तेव्हा त्यांच्याकडे होते. म्हणाला, दारवाले, दुसरा माणूस बघू का, की येताय? मशीन भाड्यानं घ्या, कुणाचं तरी आणा, काय वाट्टेल ते करा. भावजी म्हणाले, बॅटरी तयार होतेय. तो म्हणाला कुठे टाकलीय, मी बोलतो त्याच्याशी. भावजींनी धाकटीच्या टेबलाकडे मान केली. "इथेच," म्हणाले, "घरी. ती घाई करत नाही आणि मी सांगणार नाही." कंत्राटदारानं अंड्यांच्या ट्रेकडे बघितलं, त्यात उभ्या सेलांकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं. मग सोमवारी चालेल म्हणाला आणि गेला. धाकटी तेव्हा चष्मा पुसत होती. तो चष्मा तिनं इतका पुसला की मला वाटलं काच झिजेल.

सोमवारी भावजी बॅटरी घेऊन गेले. तिनं ती त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती मशीनला लावली, खट्ट आवाज आला, एवढं मी दारातून बघितलं. संध्याकाळी तिनं विचारलं, चालली का. ते म्हणाले, चालली. मग ती माझ्याकडे आली, दोन कप चहा प्यायली आणि तासभर बसून गेली. बावीसच्या बावीस दारं त्याच बॅटरीवर बसली. दुपारी जेवायला घरी यायचे, तेवढ्यात तिला चार्जरवर लावायचे.

ती दारं झाली आणि पुढं चार महिन्यांनी धाकटी गेली. शनिवारी पहाटे, झोपेत, कुणाला हाक न मारता. तिच्या ट्रेमध्ये चौदा सेल उभे होते, त्यांची मुदत भरली तेव्हा भावजींनी स्वतः मीटर लावून बघितला. त्यांना वाचता येतो तो, हे मला तेव्हा कळलं. पण ते त्यांचं. मी तिचा शेवटचा गुरुवार सांगते, कारण त्या दिवशी मी बरोबर होते.

दर गुरुवारी ती मेलेले सेल पोचवायला जायची. तिचं म्हणणं असं, की जिवंत सेलापेक्षा मेल्याला जास्त जपावं लागतं. मेला म्हणतो आपण, पण त्याच्यात धुगधुगी असते, आणि कचऱ्याच्या गाडीत चेपला तर गाडी पेटते. म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना कागदी टेप, मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खाली वाळू, वर सेल, वर पुन्हा वाळू. डबा कापडी पिशवीत. असा तो जड डबा घेऊन ती बसनं सफाई खात्याच्या आवारात जायची. मला त्या दिवशी चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती, म्हणून मी तिच्याबरोबर निघाले.

आवारात पत्र्याच्या शेडखाली एक खिडकी आहे आणि खिडकीशेजारी राखाडी पिंप. खिडकीतला माणूस तिला बघून उठला. म्हणाला, "मावशी, तुम्ही एकट्याच टेप लावून आणता. बाकीचे नुसते पिशवीत भरून ओततात."

"मग त्यांना सांगत जा. तोंड आहे ना."

तो हसला आणि डबा ओतून घ्यायला हात पुढे केला. तिनं दिला नाही. तिनं स्वतः एकेक सेल वाळूतून काढला, टेप सुटलेला नाही ना बघितला आणि पिंपात आडवा ठेवला. एकवीस होते. एकाचा टेप सुटला होता, तो तिनं पिशवीतून रीळ काढून पुन्हा लावला. खिडकीतला माणूस वहीत आकडा लिहायला थांबला होता, मी भिंतीला टेकून उभी होते, मागे दोन माणसं जुने टीव्ही घेऊन ताटकळली होती. तिला कशाचीच घाई नव्हती. सगळे ठेवून झाल्यावर तिनं त्याच्याकडून पिंपाचं झाकण लावून घेतलं, ते नीट बसलं का हातानं दाबून बघितलं, आणि वाळूचा डबा बंद करून पिशवीत घातला.

येताना कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात ती थांबली. रुंद टेप संपला होता. दुकानदार म्हणाला सोमवारी येईल. तोवर अरुंद चालेल, म्हणाली, आणि दोन रिळं घेतली. मग समोर जाऊन माझी चष्म्याची काडी बसवून घेतली. पुढच्या थांब्यावर बस आली, गर्दी नव्हती. तिनं मला खिडकी दिली, डबा दोन्ही पायांमध्ये धरला आणि तिकीट काढायला पुढे हात केला.